तेवढी लहर राहू द्या

पेटी बिघडते ती बहुतेक वेळा उंदरामुळे. वाजवणाऱ्याला वाटतं हवा बदलली, सूर उतरले, कोणाची तरी नजर लागली. मी मागची फळी उघडतो, तर आत कापूस, सुतळी आणि भजनाच्या पुस्तकाची पानं कातरून केलेलं उबदार घरटं असतं. गिऱ्हाईक ओशाळतं. मी म्हणतो, "काही हरकत नाही, त्यालाही गाणं आवडत असेल."

धामणगाव बढ्याला बाजाराच्या रस्त्यावर माझं हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान आहे. आम्ही मूळचे रोहिणखेडचे. अब्बा सुतारकाम करायचे. एकदा कोणाच्या तरी पेटीची फुटलेली फळी जोडायला घेतली आणि त्या पेटीतच अडकले ते अडकलेच. त्यांच्या मागं मी. माझ्या मागं कोणी नाही. मुलगा औरंगाबादेत कारखान्यात आहे, त्याच्या दोन्ही पोरांना पेटी म्हणजे कपड्यांची वाटते.

ज्यांनी पेटी कधी उघडून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आत भाता असतो, तो हवा भरतो. प्रत्येक पट्टीखाली पितळेची बारीक पाती असते, एका टोकाला पक्की, दुसऱ्या टोकाला मोकळी. पट्टी दाबली की हवा पातीवरून जाते, पाती थरथरते, तोच सूर. पातीचं टोक कानशीनं जरासं घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. चांगल्या पेटीत एका पट्टीखाली दोन पात्या असतात. त्या दोघी तंतोतंत एक बोलल्या पाहिजेत. केसभर फरक राहिला तर आवाजाला लहर येते, पाण्यावर हलल्यासारखा सूर वर-खाली होत राहतो. आमच्या धंद्याचं सगळं कसब या लहरीला मारण्यात आहे. लहर गेली, पेटी लागली.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एका मारुतीच्या देवळातली मंडळी लाल कापडात गुंडाळून पेटी घेऊन आली होती. हात न लावता वाजते, म्हणाले. एक पट्टी पावसानं फुगून अडकली होती, भाता हलवला की आपोआप बोलायची. मी ती घासून मोकळी केली, तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. चमत्कार दुरुस्त करून दिल्याबद्दल माझ्यावर त्या गावचा राग अजून असावा.

बीटी कापसाची पहिली वर्षं आमच्या धंद्याला फार चांगली गेली. घरोघरी कापूस आला, छपरांचे पत्रे बदलले, गावोगावच्या भजनी मंडळांनी नव्या पेट्या घेतल्या. मग बोंडअळी परत आली. पाऊस दगा देऊ लागला, फवारण्या वाढल्या. पेट्या दुरुस्तीला येणं कमी झालं, "घेता का?" म्हणत विकायला येणं वाढलं. ज्या पेट्या वाजत होत्या त्या जास्त करून मयताच्या घरी दहा दिवस वाजत होत्या. मी त्या पेट्या उघडायचो तेव्हा आत उदबत्तीचा वास असायचा. झुबेदा, माझी बायको, त्याच सुमारास गेली. दुपारच्या वेळी दुकानात मी आणि कपाटांवर ठेवलेल्या मुक्या पेट्या, एवढंच असायचं.

अशाच एका दुपारी गयाबाई आली.

चाळिशीची बाई, उंच, हाडापेरानं काटक, कपाळाला मोठं कुंकू. रोहिणखेडच्या अलीकडे एका वस्तीवर राहायची. काळीपिवळी जीपमधून पेटी मांडीवर घेऊन आलेली. पेटी मी ओळखली. त्यांच्या गावच्या महिला भजनी मंडळाची होती आणि दिवाळीच्या आधी मीच तिचे सूर लावले होते.

"का झालं? सूर उतरले काय?"

"नाही जी. लय चांगले लागले हायेत."

"मग?"

"थोडेसे बिघडवून पायजे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती उठली, कोपऱ्यातली एक जुनी पेटी तिनं स्वतःच पुढं ओढली, भाता हळू दाबला आणि एक पट्टी धरली. दोन पात्यांत फरक पडलेला होता, सूर लाटांसारखा हलू लागला. तिनं भात्याचा जोर कमी केला तशी लाट लांबली.

"हे आयका. हे पायजे मले."

"बाई, हे घालवायचंच तर मी काम करतो."

"तुमी घालवता म्हनूनच तुमाले ठेवता बी येत असंन," ती म्हणाली. "साऱ्या पेटीले नाही, एकाच पट्टीले. तेवढी लहर राहू द्या."

मी नाही म्हटलं. ती गेली. आठवडी बाजाराला परत आली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी एक पाती कानशीनं किंचित घासली. एकच आहे, पुन्हा लावता येईल, असं मनाला समजावलं. तिनं ती पट्टी दाबून धरली, डोळे मिटले, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फक्त उन्हातून आलेल्या माणसाला पाणी देताना पाहिलेलं होतं.

पुढं काय झालं ते मला मंदाकाकूनं सांगितलं. मंदाकाकू म्हणजे त्या भजनी मंडळाच्या प्रमुख, साठीच्या, करारी बाई. पेटी घेऊन त्या स्वतः दुकानात आल्या.

"यासीनभाई, तुमी हे का करून ठेवलं? भजन संपलं, टाळ थांबले, आन हिचा सूर थांबेच ना! आमी एकमेकीच्या तोंडाकडे पाहून राह्यलो. ही डोये मिटून बसलेली."

"पुन्हा लावून देतो, काकू."

"गावात का चालू हाय ते तुमाले मालूम हाय. दोन मयताच्या घरी तर आमी याच वर्षी बसलो. लोकाइले देवाचं नाव पायजे, दोन शब्द पायजे. शब्दच नाही तं मानसानं धरावं कायले?"

मंदाकाकूचं चुकीचं नव्हतं. त्या ज्या घरांत बसून आल्या होत्या तिथं शब्दच लागत होते. मी लहर घालवली. काकूंनी वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "हां, आता पेटीवानी वाटते." त्या दिवसापासून पेटी काकूंच्या घरी राहू लागली आणि गयाबाईला मंडळातून कोणी बोलावलं नाही. गावात पोरं तिच्या मागं "ऊं-ऊं" करत फिरायची.

ती परत आली ती मोकळ्या हातांनी. तक्रार नाही, काही नाही. बाकावर बसली, कपाटांकडे पाहत.

"यासीनभाई, या मेलेल्या पेट्याइचं का करता?"

"पात्या काढतो, लागल्या तर वापरतो."

"मंग एक अशी करून द्या का, जिच्यात सारे सूर नसले तरी चालन. थोडेच असू द्या. पन एकेका सुराले लय पात्या पायजे."

इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या पेट्या जोडल्या होत्या, स्वतः पेटी केलेली नव्हती. कोणी मागितलीच नव्हती. रिकाम्या दुपारी भरपूर होत्या. मी करायला घेतली.

फार विचित्र वस्तू झाली ती. लांबट, धान्याच्या कोठीसारखी. एका जुन्या पायपेटीचा भाता खाली बसवला, म्हणजे हवा पायानं भरायची आणि दोन्ही हात मोकळे. पट्ट्या मोजक्याच, पण प्रत्येकीखाली पात्यांची रांग. पट्टी दाबून ठेवायला लाकडी खुंट्या, आणि वर एक झाकण, जे तळव्यानं थोडं उघडं, थोडं बंद करता येईल. हे झाकण तिनं मागितलं तेव्हा कशाला ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

सूर लावायला बसलो तेव्हा खरी पंचाईत झाली. माझा कान आयुष्यभर एकच गोष्ट शिकला होता, फरक ऐकू आला की मिटवायचा. हात आपोआप तिकडेच जायचा. ती समोर बसून म्हणायची, "जवळ आली, यासीनभाई, लय जवळ आली. जराशी दूर न्या." मी दूर नेली की, "आता तुटली. थोडी अलीकडे." एकेका पातीला दुपार जायची. तिला नेमकं काय हवं ते तिला पक्कं ठाऊक होतं, एवढं मात्र माझ्या ध्यानात आलं. ज्याला काहीही चालतं तो असा छळत नाही.

पेटी तिच्या घरी पोचवायला मी मालवाहू रिक्षातून गेलो. शिवारातलं घर, दोन खोल्या आणि बाजूला कापूस ठेवायची मोठी खोली, वर पत्रा. तिचा नवरा सुपडाभाऊ दोन हंगाम वाईट गेल्यावर सुरतेला यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला लागला होता, दिवाळीला येऊन जायचा. मूलबाळ नव्हतं. घरात म्हातारी सासू होती, ती ओट्यावर बसून तूर निवडत असायची आणि तिला ठार ऐकू येत नव्हतं. गयाबाई म्हणायची, "आत्याबाई हायेत म्हनून निभावते. दुसरी असती तं मले पेटीसकट बाहेर काढलं असतं."

फाल्गुन होता. कापूस विकून खोली रिकामी झालेली. पेटी तिनं त्या रिकाम्या खोलीत मांडली, खुंट्या लावल्या, पाय चालू केला. दोन सूर. मग तिसरा. बराच वेळ तेवढंच. मला काहीच लागेना हाताला. चाल नाही, ठेका नाही, बोल नाही. मी दारात बसून तिच्याकडे पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, नवरा परमुलखात, मांडी रिकामी, गावानं टाकलेली बाई. दुःख असंही बाहेर येत असेल. झुबेदाची आठवण येऊन माझेच डोळे भरून आले.

ती थांबल्यावर मी म्हटलं, "गयाबाई, लय दुःख हाय तुमच्या वाजवण्यात."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या देवघरात जोडे घालून शिरलो होतो.

"दुःख हाय ना. चुलीपाशी हाय, वावरात हाय. ते इथं कायले आनू मी?" मग जरा शांत होऊन म्हणाली, "इथं मी वाजवून राह्यली, भाई. तुमी मले पाहून राह्यले. तिकडे पाहा ना, पत्र्याकडे."

पत्र्याकडे पाहून मला काही ऐकू आलं नाही. पण ते बोलणं डोक्यातून गेलं नाही. मी अधूनमधून जाऊ लागलो. कधी भात्याचं कातडं बदलायचं निमित्त, कधी पाती अडकली म्हणून. दार उघडं, सासू ओट्यावर, मी उंबऱ्यापाशी. रोहिणखेडच्या माझ्या नातेवाइकांनी एकदोनदा विचारलं, काय रे, त्या वेडीकडे काय काम असतं तुझं? मी म्हणायचो, पेटीचं काम असतं. खोटं नव्हतं.

मार्गशीर्षात गेलो तेव्हा खोली कापसानं छतापर्यंत भरलेली होती. भाव नव्हता म्हणून सगळ्या गावानं कापूस घरात धरून ठेवला होता. लोक त्याच्याशेजारी झोपायचे आणि अंगाला खाज सुटून वैतागायचे. गयाबाईची पेटी कापसाच्या ढिगात एका कोनाड्याएवढ्या जागेत बसवलेली. आणि ती वेगळंच काही वाजवत होती. बारीक, तुटक, खुंट्यांशिवाय. एक सूर ठेवायचा, लगेच उचलायचा, गप्प बसायचं, मग दुसरा. चिमणीनं दाणा टिपावा तसं.

"हे काऊन असं?"

"कापूस भरला का आवाज मरते," ती म्हणाली. "भिताडावरून वापसच येत नाही. मंग लांबचं वाजवून उपयोग नाही. जे वापस येते ना, त्याच्यासंगच मी वाजवते. ते नसलं तं मंग असं जवळचं वाजवा लागते, तोंडातल्या तोंडात बोलल्यावानी."

"आणि खोली रिकामी झाली की?"

"मंग पत्रा बोलते. त्याचा एक सूर हाय. तो सापडला का सोडायचा नाही."

मी घरी येताना काळीपिवळीत तेच घोळवत होतो. बाहेर दोन्ही बाजूंनी कपाशीच्या वेचलेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. त्या वर्षांत भरलेली खोली आणि रिकामी खोली यांचा आम्ही सगळे एकच अर्थ लावायचो, भाव मिळाला की नाही मिळाला. आणि ही बाई, जिचा स्वतःचा कापूस त्या खोलीत अडकला होता, ती तिच्यातून वेगळीच गोष्ट ऐकत होती.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मला ते ऐकू आलं. पत्रा तापून तडतडत होता. तिनं चार सूर खुंट्यांनी धरले होते, पायाची गती अगदी मंद. लहरी एकमेकींवरून जात होत्या, एक जलद, एक सावकाश, कधी दोन्ही एका जागी गाठ पडून मोठी होणारी. तिनं तळवा झाकणावर ठेवला, बोटभर मिटवलं, आणि वर पत्र्याच्या आढ्यापाशी एक बारीक आवाज उभा राहिला. तो सूर पेटीत नव्हता. मी ती पेटी केली होती, त्यातली प्रत्येक पाती मला ठाऊक होती. तो तिथं कोणी ठेवलाच नव्हता. ती त्याला झाकणानं हळूहळू हलवत होती, जसं पाण्यात न शिरता काठावरून माशाला वळवावं. खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे. मला दुःख झालं नाही, आनंद झाला असंही म्हणवत नाही. मी पूर्ण जागा होतो, एवढंच सांगता येतं. झुबेदा गेल्यापासून तसा जागा झालो नव्हतो.

ती थांबली तेव्हा मी वर बोट दाखवलं.

"हाव," ती म्हणाली. "आला ना तुमाले." आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडावर मी लहान मुलासारखं हसू पाहिलं. तोवर तिला कोणालाच विचारता आलं नव्हतं की ते खरंच आहे, का तिलाच ऐकू येतं.

त्याच पावसाळ्यात पुण्याहून निखिल नावाचा तरुण आला. एका संस्थेसाठी तो आमच्या भागातली शेतकऱ्यांच्या दुःखाची गाणी ध्वनिमुद्रित करत फिरत होता. त्या दिवसांत बाहेरून खूप माणसं यायची, कॅमेरे घेऊन, प्रश्नांचे कागद घेऊन. बहुतेकांना काय न्यायचं ते आधीच ठरलेलं असायचं. निखिल त्यातला बरा होता. कोणीतरी त्याला गंमत म्हणून गयाबाईकडे पाठवलं, आणि तो दोन दिवस तिथून हललाच नाही. माझ्या दुकानात येऊन म्हणाला, "काका, हे असं मी परदेशातल्या लोकांचं ऐकलंय. या बाईंना कोणी शिकवलं?"

"कोणी नाही."

"मग?"

"मला काय विचारता? मला तर तिनं शिकवलं."

त्यानं पुण्यात कार्यक्रम ठरवला. गयाबाई जायला कबूल झाली, कारण तिला मोठी खोली पाहायची होती. मलकापूरहून आम्ही गाडीनं गेलो, पेटीला सांभाळायला मी आणि सासूला शेजारणीकडे ठेवून गयाबाई. सुपडाभाऊ सुरतेहून परस्पर आला. साधा, कमी बोलणारा माणूस. बायको काय वाजवते ते त्याला कधी कळलं नव्हतं, पण नवी पांढरी टोपी घालून आला होता.

दुपारी सभागृह रिकामं असताना गयाबाई स्टेजवर उभी राहिली आणि तिनं एकदा जोरात टाळी वाजवली. थांबली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "भाई, ह्या खोलीत कापूस भरला हाय."

खरंच होतं. भिंतींना कापड, खाली गालिचा, खुर्च्या गुबगुबीत. टाळी गेली ती परत आलीच नाही.

संध्याकाळी हॉल भरला. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंचा आवाज फार गोड होता. त्यांनी दिवे मंद करायला लावले आणि वाचू लागल्या. कापसानं जिचं कुंकू पुसलं अशी ही विदर्भातली भगिनी, मेलेल्या धन्यासाठी तिनं शब्दांशिवाय फोडलेला हा टाहो, असं बरंच काही. मी निखिलकडे पाहिलं. तो बाजूला उभा राहून नाही-नाही अशी मान हलवत होता. हे त्यानं लिहिलं नव्हतं, त्यानं सांगितलेल्यातून कोणीतरी रचलं होतं.

गयाबाईनं माईक ओढला. कपाळावरचं कुंकू दिव्यात चांगलं दिसत होतं.

"बाई, माहा नवरा जित्ता हाय. ते पाहा, बसले हायेत. पांढरी टोपी."

सगळ्या माना वळल्या. सुपडाभाऊ अर्धवट उठला, हात जोडले, काय करावं न कळून पुन्हा बसला. लोक हसले. तिच्या बोलण्याला हसले, का आपल्या फजितीला, कोण जाणे. मग त्यांना हसल्याचीही लाज वाटली.

"आता वाजवू का?" ती म्हणाली.

सगळ्यांची अपेक्षा होती ती लांब, कण्हणाऱ्या आवाजाची. निखिलनं आधी जे ध्वनिमुद्रण ऐकवलं होतं ते रिकाम्या खोलीतलं होतं. गयाबाईनं खुंट्या बाजूला ठेवल्या. आणि मार्गशीर्षातलं वाजवू लागली. तुटक, बारीक, जवळचं. एक सूर ठेवला, उचलला. शांतता. दुसरा. मधेच दोन झटकन, चेष्टा केल्यासारखे. टाहो कुठंच नव्हता. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी रुमाल हातात तयार धरला होता, तो तसाच राहिला. मागची काही माणसं उठून गेली. मी मात्र खुर्चीत सरळ होऊन बसलो. एवढ्या लोकांसमोर, एवढ्या अपमानानंतर, ही बाई त्या खोलीला काय मानवेल तेच वाजवत होती. रागानं नाही, कोणाला धडा शिकवायला नाही. टाळी परत आली नाही, म्हणून असं. तिला आम्ही वेडी म्हटलं, मग दुःखी म्हटलं. सरळसरळ 'वाजवणारी' म्हणायला मला सुद्धा त्या हॉलपर्यंत यावं लागलं होतं.

टाळ्या पडल्या, बेताच्या. बाहेर लोक तिचा हात हातात घेऊन "धीर धरा" म्हणत होते. सुपडाभाऊ शेजारी उभा होता तरी.

निखिल आला. माफी मागितली. मग न राहवून म्हणाला, "ते लांबवालं का नाही वाजवलं?"

तिनं त्याला खोलीचं सांगितलं. तो म्हणाला, "मी दोन दिवस तुमच्याकडे बसलो आणि हे विचारलंच नाही."

"तुमी इचारत होते ते सारं कापसाचं," ती म्हणाली. "भावाचं, अळीचं. तेबी खरं हाय. पन मले कोनी पेटीचं इचारलंच नाही."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसून राहिली. एकदाच बोलली, "यासीनभाई, सारे रडायले आले होते. आयकायले कोनीच नाही आलं."

"मी आलो होतो," मी म्हटलं.

"तुमाले तं मालूमच हाय," ती म्हणाली, आणि पुन्हा बाहेर पाहू लागली. त्या उत्तराचा मला अभिमानही वाटला आणि वाईटही वाटलं. एका माणसानं ऐकणं पुरत नाही. ते तिलाही कळत होतं, मलाही.

नंतर बोलावणी आली नाहीत. दोनेक वर्षांनी सासू वारली. वावर बटाईनं देऊन सुपडाभाऊ तिला सुरतेला घेऊन गेला. चाळीतल्या खोलीत पेटी मावण्यासारखी नव्हती. जाताना ती पेटी माझ्या दुकानात ठेवून गेली, म्हणाली, "वाजवत जा. नाही तं उंदरं घर करतीन." मी वाजवतो. मला ती येत नाही. खुंट्या लावून बसतो, लहरी ऐकतो, वरचा आवाज कधी येतो, बहुतेक वेळा येत नाही. दुकानही आता नावापुरतंच आहे. भजनी मंडळं कीबोर्ड वाजवतात, त्यात उंदीर शिरत नाही.

गयाबाई सुरतेला गेल्यावर वर्षभर काही कळलं नाही. मग एका दुपारी सुपडाभाऊच्या फोनवरून तिचा फोन आला. खुशाली झाली, मंदाकाकूंची तब्येत विचारून झाली. मी विचारलं, तिकडे कसं वाटतं?

"खोली कारखान्याले लागूनच हाय, भाई. भिताडाच्या पलीकडे माग. रात नाही, दिवस नाही."

"मग त्रास होत असंन."

"पयले झाला. आता नाही." आवाज खाली आणून ती म्हणाली, "सारे माग एकच चालतात असं वाटते ना, पन नाही चालत. जरा जरा फरक हाय. आयका बरं."

तिनं फोन भिंतीला लावला असावा. कानात खडखडाट भरला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. मी डोळे मिटले, जीव लावून ऐकलं. खडखडाटच होता.

तिचा आवाज परत आला. "आलं का?"

खोटं बोलणं सोपं होतं, आणि ती एकटी होती. पण या बाईशी मी पेटीच्या बाबतीत कधी खोटं बोललो नव्हतो.

"नाही, गयाबाई. नुसता खडखड येऊन राह्यला."

ती जराही हिरमुसली नाही.

"मंग अजून थोडं थांबा," ती म्हणाली, आणि तिनं फोन पुन्हा भिंतीला लावला.

बाहेर बाजाराचा दिवस होता, रस्त्यावर कोणीतरी ट्रकमधून कांदे उतरवत होतं. मी उठून दुकानाचं दार लोटून घेतलं आणि फोन कानाला लावून बसलो.